नैतिक भांडवलशाहीच्या तासाला बायबल नेमकं कुठे उघडायचं? (एमबीए, २ क्रेडिट, सातारा)

माहुली_संगम

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका विनाअनुदानित व्यवस्थापन महाविद्यालयात दुसऱ्या वर्षासाठी 'नैतिक भांडवलशाही' हा ऐच्छिक विषय बसवायचा आहे. २ क्रेडिट, म्हणजे ३० तास. मजुरी, व्याज, उधारी, नफा यांवर ख्रिस्ती परंपरेत सलग आणि वादासकट लिहिलेलं बरंच सापडतं, म्हणून तो भाग सविस्तर घ्यावा असं ठरलंय. वर्गात हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान, बौद्ध अशी सगळी मुलं आहेत. ख्रिस्ती दोघं-तिघंच.

पहिला आराखडा असा होता: सुरुवातीचे आठ तास मॅक्स वेबर आणि प्रॉटेस्टंट नीती, मग सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी), मग कंपनी घोटाळे, शेवटी 'मूल्याधिष्ठित नेतृत्व'. वाचल्यावर मलाच झोप आली. इतर ठिकाणचे आराखडेही व्याख्यांनी भरलेले आहेत.

विचारायचं असं की विषयाचं प्रवचन होऊ नये म्हणून काय करावं? कायद्याने काही अडचण येते का? आणि परीक्षेत विचारायचं काय? 'प्रामाणिकपणाचे महत्त्व विशद करा' असला प्रश्न नको आहे.

हळदपेठ

सर, पहिले आठ तास वेबर काढून टाका. तो १९०४-०५ मध्ये समाजशास्त्राचा प्रश्न सोडवत होता: भांडवलशाहीची मनोवृत्ती कुठून आली? धंदा कसा करावा हे त्याने सांगितलेलं नाही. मुलं मात्र उत्तरपत्रिकेत 'प्रॉटेस्टंट लोक कष्टाळू म्हणून श्रीमंत' एवढंच लिहून येतात, आणि शेजारच्या बाकावरचा गुजराती-मारवाडी पेढीवाल्याचा मुलगा हसतो. एक तास पुरे, तोही शेवटाकडे.

सुरुवात काट्यापासून करा. बायबलमध्ये धंद्याबद्दल जे सगळ्यात ठाम आहे ते वजनमापाबद्दल आहे. लेवीय १९:३५-३६ मध्ये खरा तराजू आणि खरी मापं (लेवीय, अनुवाद, आमोस ही बायबलमधल्या पुस्तकांची नावं, आकडे अध्याय आणि ओव्यांचे). अनुवाद २५:१३ मध्ये थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. आमोस ८:५ मधले व्यापारी तर सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी बसतो याची वाट बघतायत. धान्य मोजायचं माप लहान, पैसे तोलायचं वजन मोठं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. वर्गात एकच प्रश्न टाका: इथे काटा कोणाच्या हातात आहे? या वचनांत बहुतेक विकणाऱ्याच्या हातात. आपल्याकडे उसाच्या बाबतीत उलटं, काटा घेणाऱ्याच्या दारात. मग 'काटामारी' या शब्दाचा अर्थ सांगत बसावं लागत नाही, अर्ध्या मुलांच्या घरी ऊस आहे.

गणित असं द्या. ट्रॉलीत १८ टन ऊस. काट्यात १ टक्का खोट, म्हणजे १८० किलो. टनाला ३,००० रुपये धरले तर एका खेपेला ५४०, चाळीस खेपांना २१,६००. यानंतर खोट कुठून येते ते शोधायला लावा. भरलेलं वजन वजा रिकामं वजन म्हणजे निव्वळ वजन, एवढंच सूत्र, पण रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला घेतलं की कधीतरी घेतलेलंच चिकटवलं? ड्रायव्हर एकदा आत आणि एकदा बाहेर होता का? पाचट-बांधणीची कपात कोणत्या आधारावर? काट्यावर वैधमापनशास्त्र खात्याच्या पडताळणीचा शिक्का कोणत्या तारखेचा? या चार प्रश्नांपैकी तीन निव्वळ निष्काळजीपणाचेही असू शकतात. चोरी आणि ढिलाई यांत नैतिक फरक किती, हा खरा चर्चेचा मुद्दा, आणि त्यावर मुलं तासभर भांडतात.

दुसरी पायरी तारखेची. अनुवाद २४:१४-१५ सांगतं की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. म्हणजे 'किती' द्यायचं यापेक्षा 'कधी' द्यायचं हा वेगळा, स्वतंत्र प्रश्न आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात नेमका तोच सुटतो, कारण तिथे देणी लांबवणं म्हणजे खेळत्या भांडवलाचं कौशल्य असं शिकवतात! त्याच मुलांना तीन तारखा द्या:

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नंतर वर्षाला १५ टक्के व्याज. ३ लाखांचं बिल मुदतीनंतर ६० दिवस थकलं तर व्याज ७,३९७ रुपये.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. समजा बँक रेट ६ टक्के, तर वर्षाला १८, महिन्याला दीड. कुपवाडच्या जॉबवर्कवाल्याचं ४ लाखांचं बिल चार महिने लांबलं तर व्याज २४,५४५. इथे मुलं हमखास सरळव्याज लावतात आणि २४,००० लिहितात.

तिसरी तारीख आयकराची. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी थकबाकी खर्च म्हणून त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. याचा उलटा परिणामही शिकवा: घाबरलेला खरेदीदार लघु पुरवठादार सोडून मध्यम उद्योगाकडे वळू शकतो. चांगल्या नियमाने गरिबाचंच काम जाणं हा प्रकार मुलांनी पाहिलाच पाहिजे.

व्याज वसूल करायचा हक्क असूनही छोटा पुरवठादार सहसा मागत नाही, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. याकोबाचं वाक्य तिथे वाचा. आधी वाचलंत तर प्रवचन होतं, गणितानंतर वाचलंत तर पुरावा होतो.

कलम_अठ्ठावीस

कायद्यापुरतं बोलतो.

संविधानाच्या कलम २८(१) ची बंदी पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांतल्या धार्मिक शिक्षणावर आहे. तुमची संस्था विनाअनुदानित पण मान्यताप्राप्त, म्हणून तुम्हाला २८(३) लागू. धार्मिक शिक्षण किंवा उपासना असेल तर विद्यार्थ्याची संमती हवी, अज्ञान असेल तर पालकाची. एमबीएची मुलं सज्ञान आहेत. शिवाय धर्माचं शिक्षण देणं आणि धर्मांविषयी अभ्यास करणं यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात (२००२) मान्य केला आहे. तुमचा विषय दुसऱ्या प्रकारातला आहे. तो तसाच राहील याची काळजी मात्र कागदावर घ्यायची.

म्हणजे काय? त्याच तासाला दुसरा ऐच्छिक विषय खरोखर उपलब्ध हवा. पर्यायच नसेल तर 'ऐच्छिक' हा शब्द नुसता नावाला. तासाची सुरुवात किंवा शेवट प्रार्थनेने नको, पाहुणा व्याख्याता पाद्री असला तरी. उद्दिष्टांत 'श्रद्धा रुजवणे' असलं क्रियापद नको. 'तुलना करणे', 'तपासणे', 'हिशेब मांडणे' अशी हवीत. आणि गुण मतावर नाहीत हे अभ्यासक्रमातच छापा.

मिरज_जंक्शन

हळदपेठ यांच्या यादीत तिसरा प्रश्न राहिला: किती द्यायचं? माझ्या मते अभ्यासक्रमाचा कणा तोच असावा.

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ ला काढलेल्या रेरुम नोवारुम या परिपत्रकातला मुद्दा आजही टोचतो. मालक-मजूर दोघांनी खुशीने करार केला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचं पोट भागलं पाहिजे, ही अट कराराच्याही आधीची. अर्थशास्त्र शिकलेला मुलगा लगेच म्हणेल की बाजारभाव तोच न्याय्य भाव. म्हणू द्या. त्याला हिशेबाला बसवा.

भारतात यासाठी तयार मोजपट्टी आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरवले. कुटुंब म्हणजे तीन उपभोग एकक: कमावता १, पत्नी ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. (पत्नीला ०.८ का, हा प्रश्न वर्गातल्या मुली विचारतीलच. विचारायलाच हवा.) प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी. कापड वर्षाला ७२ यार्ड. घरभाडं. इंधन, दिवाबत्ती व किरकोळ यांसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१-९२ च्या रेप्टाकोस ब्रेट निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्न यांसाठी एकूण वेतनाच्या २५ टक्के आणखी धरले.

चार-चार जणांच्या गटांना एकेक ठिकाण द्या: कुपवाड, मिरज एमआयडीसी, सातारा एमआयडीसी, कराड. किराणा दुकानातून आणि आठवडी बाजारातून भाव त्यांनीच आणायचे. नेटवरचे भाव चालणार नाहीत. भाडं कारखान्यापासून सायकलच्या अंतरातल्या एका खोलीचं.

चूक ठरलेल्या ठिकाणी होते. समजा अन्न १२,०००, कापड १,५००, भाडं ३,०००, मिळून १६,५०० आले. मुलं त्यावर ४५ टक्के चढवतात आणि २३,९२५ काढतात. पण २० आणि २५ हे टक्के एकूण वेतनाचे आहेत. म्हणजे १६,५०० ही रक्कम एकूणाच्या ५५ टक्के. १६,५०० भागिले ०.५५, उत्तर ३०,०००. फरक ६,०७५ रुपयांचा, मजुराच्या दृष्टीने जवळपास दोन खोल्यांचं भाडं. आलेला आकडा शासनाच्या चालू किमान वेतनाशेजारी आणि कारखान्याच्या फाटकावर प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराशेजारी लिहायचा. या तीन आकड्यांमधल्या दोन दऱ्या कोणी भरायच्या, मालकाने, ग्राहकाने की सरकारने, यावर दोन तास ठेवा.

आता मत्तय २०. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पाचला सुद्धा. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. तासगाव भागातल्या मुलांना छाटणीचा एकरी ठेका आणि रोजंदारी दोन्ही माहीत असतात, त्यांना हे वाचायला द्या. 'यातून देवाची कृपा कळते' असं सांगून शिक्षकाने पुस्तक मिटलं की तास वाया. विचारायचं हे: दुसऱ्या दिवशी पहाटे कोण येईल? पाचपर्यंत उभा राहिलेला मजूर आळशी होता की कोणी बोलावलंच नव्हतं? गोष्टीत तो स्वतः उत्तर देतो: आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मालक म्हणतो की पैसे माझे आहेत. तुमचा एमबीए झालेला मुलगा मालक नसतो, कारभारी असतो. दुसऱ्याच्या पैशाने उदार व्हायचा त्याला अधिकार किती?

त्याला जोड लूक १६ मधला कारभारी. नोकरी जाणार हे कळताच तो देणेकऱ्यांची बिलं कमी करतो. तेलाचे १०० चे ५० (५० टक्के सूट), गव्हाचे १०० चे ८० (२० टक्के). मालकाचं नुकसान केलं की स्वतःचं कमिशन सोडलं, यावर भाष्यकारांत आजही एकमत नाही. प्रतिनिधी आणि मालक यांच्या हितसंबंधांचा सिद्धांत शिकवायला यापेक्षा छोटं उदाहरण मिळणार नाही.

कृष्णाकाठ

वरचं सगळं उत्तम, पण एक आक्षेप आहे. असं शिकवलं की ख्रिस्ती विचार म्हणजे सुटी वचनं आणि परिपत्रकं असं वाटतं. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्था कुठे आहेत? आणि त्या कुठे फसल्या?

सांगली-साताऱ्यात यासाठी फार लांब जावं लागत नाही. जर्मनीतल्या फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन या प्रॉटेस्टंट नगराध्यक्षाने आधी श्रीमंतांच्या देणग्यांवर गरिबांना मदत करून पाहिली. ते टिकत नाही हे कळल्यावर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला पतसंस्था काढली. नियम मोजके: कार्यक्षेत्र लहान, म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात, अमर्याद जबाबदारी, म्हणजे एकाचं बुडालं तर सगळ्यांनी भरायचं, पदाधिकारी बिनपगारी, शिल्लक वाटायची नाही, राखीव निधीत टाकायची. १८९० च्या दशकात मद्रास प्रांतात फ्रेडरिक निकल्सन यांनी अहवाल लिहिला, त्याचा निष्कर्ष दोन शब्दांत सांगितला जातो: रायफायझेन शोधा. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला, आणि १९०५ मध्ये मुंबई इलाख्यात गदगजवळ कणगिनहाळची संस्था. तुमच्या मुलांच्या गावची विकास सोसायटी त्याच वंशातली आहे.

गावच्या सोसायटीचा छापील वार्षिक अहवाल घ्या आणि रायफायझेनचे चार नियम एकेक करून ताडून बघा. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा, या दोन ठिकाणी जुनी खूण दिसते. अमर्याद जबाबदारी केव्हाच गेली. ती गेल्यावर शेजाऱ्याच्या कर्जावर शेजाऱ्याची नजर राहिली का, हा प्रश्न मुलांनी थकबाकीच्या आकड्यावरून सोडवायचा.

दुसरं उदाहरण मोन्द्रागोन. स्पेनच्या बास्क भागात होसे मारिया आरिथमेंदिआरिएता या कॅथलिक धर्मगुरूने १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली, तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये पहिली कामगार-सहकारी. आधी शाळा, तेरा वर्षांनी कारखाना, हा क्रम लक्षात घ्या. सुरुवातीला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगाराचं प्रमाण १ ला ३ होतं, नंतर ते वाढवावं लागलं. २०१३ मध्ये त्यांची घरगुती उपकरणांची मोठी सहकारी बुडाली. परदेशातल्या कारखान्यांतले कामगार सभासद नव्हते, नुसते नोकर होते, ही टीकाही शिकवा.

तिसरं म्हणजे क्वेकर हा ख्रिस्ती पंथ. त्यातल्याच कॅडबरींनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिलला कारखाना हलवला, पुढे बागांसकट घरं बांधली. याच्याशेजारी १९१० ची किर्लोस्करवाडी ठेवा, जागा औंधच्या राजांनी दिलेली. पलूस तालुक्यात आहे, सहल निघू शकते. पण कॅडबरींची गोष्ट घरांवर संपवली तर ती जाहिरात होते. १९०१ च्या सुमारास त्यांना कळलं की पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या साओ टोमे बेटावरचा कोको गुलामीसारख्या मजुरीवर पिकतो. चौकशी, पत्रव्यवहार, पोर्तुगिजांशी बोलणी, आणि खरेदी बंद केली १९०९ मध्ये. मधल्या काळात कोको घेणं चालूच. एका वृत्तपत्राने दांभिकपणाचा आरोप केला, कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ मध्ये जिंकलाही. ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. तुम्ही बरोबर आहात, पण तुमच्या अब्रूची किंमत एवढीच! मुलांना विचारा: १९०१ च्या कोणत्या महिन्यात, कोणती माहिती हातात असताना, तुम्ही खरेदी थांबवली असती? मजूर टोळीला मुकादमामार्फत उचल देणाऱ्या इथल्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यालाही हाच प्रश्न लागू पडतो. मजूर माझे नाहीत, मुकादमाचे आहेत, हे वाक्य दोन्हीकडे सापडेल.

मिरजेचं १८९४ चं डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथे सगळ्यांना आठवतं, पण या विषयात त्याला मोठी जागा देऊ नका. ती सेवा आहे, आणि सेवेचं उदाहरण दिलं की धंद्याचा प्रश्न अलगद टळतो. सीएसआरचंही तेच. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एक असेल तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के त्यावर खर्चायचे. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले हा तुमचा विषय.

माहुली_संगम

सगळ्यांचे आभार. वेबर कापला. आणखी दोन शंका. मूल्यमापन कसं करायचं? आणि वर्गातले ख्रिस्ती विद्यार्थी अवघडून बसतील का, याची काळजी वाटते.

हळदपेठ

अवघडतील, जर तुम्ही 'तुमच्यात काय म्हणतात?' असं त्यांच्याकडे वळून विचारलंत तर. विचारू नका. उतारा सगळ्यांसमोर, वाचणारा कोणीही. बाकीच्या परंपराही त्याच प्रश्नावर आणा: ख्रिस्ती दशांश, अडत बिलातला धर्मादाय, इस्लाममधल्या जकात या दानाचे अडीच टक्के. तिन्हींना एकच प्रश्न, हे पैसे नफ्यातून जातात की गिऱ्हाइकाकडून वसूल होतात?

१८ व्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचं पैशावरचं प्रवचन जरूर घ्या. लोक त्यातली तीनच वाक्यं सांगतात: होईल तितकं मिळवा, होईल तितकं वाचवा, होईल तितकं द्या. पहिल्या वाक्याखालच्या अटी कोणी वाचत नाही. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या तब्येतीला धक्का लावून नाही. शेजाऱ्याचा धंदा बसवण्यासाठी बाजारभावाच्या खाली विकायचं नाही. त्याची माणसं फोडायची नाहीत. ऑनलाइन सवलतींच्या काळात दुसरी अट वाचून दाखवा आणि ग्राहकाच्या बाजूने कोण बोलतं ते पाहा.

मिरज_जंक्शन

मूल्यमापन, ५० गुण धरून: २० गुण वेतनाच्या हिशेबाला, १० गुण तोंडी परीक्षेला, २० लेखीला.

हिशेबात आकडा किती आला याला गुण नाहीत; कच्चा भाव, ठिकाण, तारीख आणि भागाकार बरोबर असण्याला आहेत. तोंडीत विद्यार्थ्याने आपल्या मताच्या विरुद्ध बाजू पाच मिनिटं मांडायची. यामुळे शिक्षकाला आवडेल ते लिहायची सवय मोडते, आणि या विषयाचं सगळ्यात जास्त नुकसान तीच सवय करते. लेखीत एकच बिल, एकच करार, आणि तीन टप्पे: काय घडलं, कोणत्या कसोटीवर चूक, उद्या सकाळी काय करणार. बेल्जियन धर्मगुरू कार्डिन यांची तरुण कामगारांसाठीची 'पाहा, पारखा, करा' ही पद्धत. व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने २०१२ मध्ये उद्योजकांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही तीच आहे. तिसऱ्या टप्प्यात 'जागृती करणे' असं लिहिलं तर शून्य. कोणाला फोन, कोणत्या रकमेचा चेक, कोणत्या तारखेचा, असं हवं.

कृष्णाकाठ

विषय सत्राच्या कोणत्या बाजूला ठेवताय ते पाहा. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. जूनच्या सत्रात विषय घेतलात तर काटा बंद असतो आणि ऊसतोड टोळ्याही नसतात. डिसेंबर-जानेवारीतला विषय असेल तर काट्यावर जाता येईल, आणि १४ दिवसांची मुदत सत्र चालू असतानाच संपताना दिसेल. काट्यावर सकाळी सातच्या आत पोहोचा, नंतर गाड्यांची रांग लागते आणि कारकून बोलायला मोकळा राहत नाही.